इष्टदेवतेचा आयपी पत्ता

दोन हजार तेवीस साल होतं. गणपती उठून दहा दिवस झाले होते, आणि थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत रविवारी सकाळी आठलाच माणसांची रांग लागली होती. रांगेचं शेपूट टायरच्या दुकानापाशी आणि तोंड वरच्या मजल्यावर, 'भीमराज नेटवर्किंग अकॅडमी'च्या दारात. तिसऱ्या पाळीहून परस्पर आलेले कामगार कंपनीच्या कपड्यांतच उभे होते. निगडीहून दोन बस बदलून आलेल्या बायका होत्या. एका जोडप्याने तर सात दिवसांचं बाळ आणलं होतं, कारण बारशाला नाव ठेवण्याआधी त्याचा पत्ता काढायचा होता.

पत्ता म्हणजे घरचा नव्हे, इष्टदेवतेचा. आणि तोही आयपी पत्ता. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो, तसाच प्रत्येक माणसाच्या देवाचाही असतो, आणि त्या पत्त्यावर हाक मारली तर देव स्वतः उत्तर देतो, अशी बातमी गेल्या पंधरा दिवसांत वाकडपासून भोसरीपर्यंत पोहोचली होती.

सुमनताई समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून हे सगळं पाहत होत्या. त्यांचं वय एकाहत्तर. चौऱ्याहत्तर साली त्या लग्न होऊन इथे आल्या तेव्हा ह्या गल्लीच्या जागी ज्वारी उभी असे आणि संध्याकाळी पवनेकडून वारा आला की सगळं रान एका अंगावर वळे. पुढे त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड, हातात दोऱ्या. साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचे आवाज त्यांच्या कानातून गेले होते. त्यामुळे कोणी कुणाशी बोलतंय म्हटलं की त्यांना पहिला प्रश्न पडे, वायर कुठून कुठे गेली आहे?

"सुमनताई, चला की वर," शेजारच्या नजमाने खालून हाक मारली. "आज माझा नंबर आहे. बाबा आमच्या पीराचासुद्धा पत्ता काढून देतात म्हणे."

"पीराला संगणक कुणी घेऊन दिला गं?"

"तुम्ही चला तर!"

नजमा ही गॅरेजवाल्या अकबरची बहीण. अकबरची मुलगी शिफा ह्याच अकॅडमीत नेटवर्किंग शिकत होती, म्हणून सुमनताईंनाही तिथे काय शिकवतात ते बघायचं होतंच. त्या चपला घालून खाली उतरल्या.

वरच्या खोलीत उदबत्त्यांचा असा धूर होता की भिंतीवरचा केबलच्या रंगांचा तक्ता दिसत नव्हता. सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या स्विचच्या पेटीला झेंडूचा हार घातला होता. मध्यभागी भगव्या कफनीत निरंजननाथ महाराज बसले होते. गळ्यात रुद्राक्षांची माळ, आणि माळेत मेरुमण्याच्या जागी पेनड्राइव्ह. बाजूला अकॅडमीचे मालक भीमराज सर माइक घेऊन उभे. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर काळी चौकट आणि लुकलुकणारी पांढरी रेघ.

महाराजांनी निळी केबल हातात घेतली. एक टोक लॅपटॉपला लावलं. मग कात्री मागवली आणि सगळ्यांच्या देखत केबल मधोमध कापली. कापलेलं टोक समोर बसलेल्या बबनरावांच्या कपाळाला टेकवलं. बबनराव म्हणजे गावातले जुने जमीनवाले. ही इमारत आणि मागचं मंगल कार्यालय दोन्ही त्यांचीच.

"एकशे सत्तावीस!" महाराज गरजले. "एक म्हणजे परब्रह्म. दोन म्हणजे शिव आणि शक्ती. सात म्हणजे सप्तर्षी. ह्या आकड्याने सुरू होणारा पत्ता जगातल्या कुठल्याही कंपनीला मिळत नाही. अमेरिकेला मिळत नाही! का मिळत नाही? कारण तो राखून ठेवलेला आहे. कुणासाठी? वर बघा!"

सगळ्यांनी वर बघितलं. वर पंखा होता.

"बबनराव, जन्मतारीख?"

"एक जून साठ."

महाराजांनी टाइप केलं. एकशे सत्तावीस, टिंब, एक, टिंब, सहा, टिंब, साठ. बटण दाबलं. पडद्यावर भराभर चार ओळी उमटल्या.

"रिप्लाय!" भीमराज सर माइकमध्ये ओरडले. "चार वेळा रिप्लाय! टाइम, एक मिलिसेकंदापेक्षा कमी! एका सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातला एक तुकडासुद्धा लागला नाही!"

"चार हाका मारल्या, चार उत्तरं आली," महाराज म्हणाले. "हरवलं किती? खाली लिहिलंय, शून्य टक्के. बबनराव, तुम्ही सरकारात इतके अर्ज केलेत. कधी चारला चार उत्तरं आली?"

"येकदाबी न्हाई," बबनराव गहिवरून म्हणाले.

"आणि शेवटी बघा, टीटीएल नावाचा आकडा, बरोबर एकशे अठ्ठावीस. तुम्ही एकशे सत्तावीस म्हणून हाक मारता, तो एकशे अठ्ठावीस म्हणून परत देतो. एक वर घालून देतो! ह्याला म्हणतात कृपा."

खोलीत टाळ्या झाल्या. सात दिवसांचं बाळ रडायला लागलं, तेव्हा त्यालाही संपर्क झाला असं जाहीर करण्यात आलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. शिफाच. "सर, एक विचारू? केबल कापलेली आहे. स्विचवरचा दिवाही लागला नाही. मग हाक बाहेर गेली कुठून?"

"श्रद्धेतून," महाराज म्हणाले.

"श्रद्धेला केबल खुपसायचं कुठलं पोर्ट असतं?"

काही पोरं हसली. भीमराज सरांचा चेहरा उतरला. "शिफा, बाहेर हो. आणि चाकणच्या यादीतलं तुझं नाव मी कापलं. ज्याला गुरूवर विश्वास नाही त्याने नोकरीची अपेक्षा करू नये!"

शिफाने पुस्तकं उचलली आणि गर्दीतून वाट काढत ती जिना उतरली. नजमाने पदर तोंडाला लावला. पण रांगेतला नंबर तिने सोडला नाही.

चाकणची यादी काय होती, ते सांगायला हवं. तिथल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला दोन नेटवर्क असिस्टंट हवे होते. अनुभवाची अट नव्हती. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि तिला बसायचं तर नाव अकॅडमीच्या यादीतून जायला हवं होतं. शिफाने वर्षभरात सहा मुलाखती दिल्या होत्या. सहाही ठिकाणी तिला एकच वाक्य ऐकायला मिळालं होतं, 'अनुभव घेऊन या.' अनुभव कुठे मिळतो, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. अनुभव न मागणारी ही पहिली जागा होती, आणि दुसरी कुठे दिसत नव्हती.

आणि अकॅडमीत महाराज कुठून आले, तेही सरळ होतं. शिकवणारे सर ऑगस्टमध्ये हिंजवडीला नोकरी लागून निघून गेले. चाळीस मुलं वर्गात बसून राहिली. भीमराज सरांना स्वतःला संगणक सुरू करता येई आणि बंद करता येई. मधलं काही येत नसे. मग त्यांना आपला मेव्हणा निरंजन आठवला. तो चऱ्होलीत प्लॉट विकायचा. मोकळ्या रानात उभं राहून 'इथे स्विमिंग पूल' असं म्हणायची त्याची कला पंचक्रोशीत प्रसिद्ध होती.

त्या दिवसापासून अकॅडमीत क्रिंपिंग बंद झालं. केबलच्या टोकाला पिन बसवायची, आठ वायरी रंगाच्या क्रमाने लावायच्या, हेच ह्या धंद्यातलं पहिलं काम. त्याऐवजी मुलं सकाळी एक तास डोळे मिटून संपर्कसाधना करू लागली आणि उरलेला वेळ एकमेकांच्या देवांना पिंग करू लागली. पिंग म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला मारलेली हाक. 'जागा आहेस का?' एवढंच ती विचारते.

गावात तर कहरच झाला. लोकांनी दारावर गणपतीच्या फरशीखाली आपापले पत्ते लावले. टेम्पोंच्या मागे एकशे सत्तावीसने सुरू होणारे आकडे रंगवले गेले. काळेवाडीत एक ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलाचा आणि मुलीचा पत्ता एकच निघाला. जन्मतारीख एक म्हणजे देव एक, देव एक म्हणजे ती बहीणभाऊ!

सुमनताईंच्या गच्चीवरच्या खोलीत ज्योतीराम नावाचा भाडेकरू राहत असे. मूळचा परभणीकडचा, चाकणला पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर. तोही अकॅडमीत शिकत होता. एका दुपारी तो तोंड पाडून आला.

"काय झालं रे?"

"ताई, कंपनीतला लेबल छापायचा प्रिंटर बंद पडला. सायबानं मला बोलावलं, म्हणला, तू नेटवर्किंग शिकतोस ना, बघ. म्या पिंग केला. फटाफट रिप्लाय. म्या सांगितलं, नेटवर्क चालू हाय सायेब, प्रिंटरच बिघडला असंल."

"मग?"

"चार तास ट्रक गेटावर उभा. शेवटी प्रिंटरची केबल उंदरानं कुरतडलेली निघाली."

"अरे, पण पिंग कुणाला केलास? प्रिंटरला?"

"न्हाई," ज्योतीराम खाली मान घालून म्हणाला. "माझ्या इष्टदेवतेला."

सुमनताईंना हसूही आलं आणि रागही. त्यांनी त्याला चहा दिला आणि गॅलरीतून शिफाला हाक मारली. "तुझा लॅपटॉप घेऊन ये गं. हे प्रकरण एकदा उघडून बघू."

शिफा आली. तिच्या पाठोपाठ बबनरावही आले, पेढे घेऊन. देवाशी बोलणं झाल्याचे पेढे.

"बबनराव, तुमचा वाढदिवस एक जून?" सुमनताईंनी विचारलं. "मला वाटलं होतं तुम्ही पावसाळ्यातले. तुमच्या आई सांगायच्या, पानशेत फुटलं तेव्हा पोर पोटात होतं की हातात होतं तेच आठवत नाही."

"व्हय, ते खरं," बबनराव म्हणाले. "पानशेत फुटलं त्याच दिशी जनमलोय मी. बारा जुलै येकसष्ट. पर साळंत नाव घालाया गेलो तवा मास्तर म्हनलं, तारीख सांगा. आय म्हनली, पुराच्या दिशी. मास्तर म्हनलं, पुराची तारीख ठावं न्हाई. मंग त्यांनीच लिवलं, येक जून साठ. समद्या गावाचीच येक जून हाय!"

सुमनताईंचा पेढा हातातच राहिला. "म्हणजे खोट्या तारखेला देवाने उत्तर दिलं?"

"दिलं की! तुमच्या डोळ्यांदेखत."

"शिफा, बारा जुलै एकसष्ट टाक बघू."

शिफाने टाकलं. चार ओळी. चार उत्तरं. शून्य टक्के.

बबनराव उडालेच. "म्हंजे मला दोन देव!" दुसरा पत्ता हातावर पेनाने लिहून घेऊन ते धावत जिना उतरले.

सुमनताई पडद्याकडे बघत राहिल्या. "शिफा, मला ह्यातलं काही कळत नाही, पण एक सांगते. बोर्डावर इतकी वर्षं काढली मी. पलीकडच्या टेबलावरचा माणूससुद्धा उत्तर द्यायला क्षणभर घेतो. इथे पृथ्वीवरून वैकुंठाला हाक गेली आणि पापणी लवायच्या आत परत आली? आमच्याकडे नवीन मुलगी कामावर आली की आम्ही चेष्टा करायचो. दोरीची दोन्ही टोकं फिरवून तिच्याच कानात सोडायचो आणि म्हणायचो, दिल्लीहून कॉल आहे. ती म्हणायची 'हॅलो', तिला ऐकू यायचं 'हॅलो'. बिचारी म्हणायची, बाई, दिल्लीवाल्यांचा आवाज अगदी माझ्यासारखाच आहे!"

शिफा ताडकन सरळ बसली. तिने लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. केबल नव्हतीच. पुन्हा हाक मारली. चार उत्तरं.

मग तिने हिंजवडीला गेलेल्या सरांनी वर्गात टाकून दिलेलं जाडजूड पुस्तक उघडलं. वर्गात पोहोचायचं राहून गेलेल्या धड्यात अर्धं पान होतं. एकशे सत्तावीसने सुरू होणारा प्रत्येक पत्ता संगणकाने स्वतःसाठीच राखलेला असतो. त्यावरची हाक यंत्राच्या बाहेर पडतच नाही. आतल्या आत वळते आणि यंत्र स्वतःलाच उत्तर देतं. आपली अंतर्गत व्यवस्था ठीक आहे की नाही, एवढं तपासण्यासाठी ती सोय. आणि टीटीएलचा एकशे अठ्ठावीस म्हणजे यंत्र प्रत्येक उत्तरावर आपणहून टाकतं तो ठरावीक आकडा.

"आजी, हा आपलाच 'हॅलो' आहे," शिफा हळूच म्हणाली.

"मग कुठलीही तारीख चालेल?"

"कुठलीही."

सुमनताईंच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "टाक, एकतीस फेब्रुवारी."

शिफाने टाकलं. देवाने तत्परतेने उत्तर दिलं, चार वेळा.

शिफाने भीमराज सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझ्यासारखी हुशार मुलगी हवीच आहे मला. रविवारी मंगल कार्यालयात महासंपर्क सोहळा आहे. चाकणच्या मॅडम यादी घ्यायला येणार आहेत. स्टेजवर ये, महाराजांच्या पाया पड, नाव परत घालतो. नाही तर सातवी मुलाखत शोध."

फोन बंद झाला. शिफाने लॅपटॉप मिटला. "आजी, दोन मिनिटांचं तर काम आहे. वाकायचं आणि उठायचं."

"हो," सुमनताई म्हणाल्या. "आणि उद्या नोकरीत कुणी म्हणालं, लाइन चालू आहे असं लिही, तर तेही दोन मिनिटांचंच काम असेल. मी तुला पड म्हणणार नाही आणि नको पडूही म्हणणार नाही. पण रांगेत तुझ्या पुढे माझा नंबर असू दे."

दसऱ्याच्या आदल्या रविवारी बबनरावांचं कार्यालय खच्चून भरलं. स्टेजवर दोन टोकांना दोन लॅपटॉप, मागे भलामोठा पडदा. पहिल्या रांगेत चाकणच्या कंपनीच्या नेटवर्क विभागाच्या प्रमुख, इंद्रायणी मॅडम. चाकणहून यायला त्यांना अडीच तास लागले होते आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भीमराज सरांच्या हातात यादी, लाल रिबिनीत गुंडाळलेली.

महाराजांनी सकाळपासून साठेक भक्तांना देव जोडून दिला होता. ऐकणं थांबलं होतं, बोटं तेवढी चालू होती. सुमनताई काठी टेकत स्टेजवर चढल्या.

"या माउली. जन्मतारीख?"

"एकतीस फेब्रुवारी, एकोणीसशे बावन्न."

टक टक टक. चार ओळी.

"रिप्लाय!" भीमराज सर ओरडले. "एकशे सत्तावीस, एकतीस, दोन, बावन्न! लॉस शून्य टक्के!"

टाळ्या. महाराजांनी डोळे मिटले. "काय तेज आहे माउली! फार जागृत दैवत. ह्या तारखेचे भक्त दुर्मीळ."

"किती दुर्मीळ, महाराज?"

"लाखात एखादा."

"मी तर ऐकलं होतं, एकही नाही."

सभागृहात आधी काही झालं नाही. मग मधल्या रांगेत एका माणसाने मूठ आवळून बोटांच्या पेरांवर महिने मोजायला सुरुवात केली. त्याचं बघून शेजाऱ्याने. पाहता पाहता अख्ख्या कार्यालयात माणसं मुठी मोजू लागली.

"आरं तिच्या!" बबनरावांचा आवाज आला. "फेब्रुवारीला येकतीस कुठं असत्यात?"

"भूलोकात नसतील!" महाराज सावरले. "देवलोकात प्रत्येक महिना एकतीसाचा!"

दोन-तीन जणांनी हात जोडलेसुद्धा. पण मागून तिसऱ्या पाळीचा एक कामगार ओरडला, "मग तिकडं पगार कधी व्हतो, महाराज?" आणि हशा उसळला.

सुमनताईंनी माइक घेतला. "हसू नंतर. साठीच्या पुढचे, ज्यांची जन्मतारीख एक जून, त्यांनी हात वर करा."

पहिल्यांदा पाच-सहा हात आले. मग वीस. मग ज्येष्ठांच्या रांगा हातांनी भरून गेल्या.

"ह्या सगळ्यांच्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या का? जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, मास्तरांना तारीख हवी असायची. ती तारीख मास्तरांची आहे बाबांनो, तुमची नव्हे. मग त्या पत्त्यावर उत्तर कोण देतंय? हेडमास्तरांचा देव?"

तोवर शिफा स्टेजवर आली होती. भीमराज सरांनी तिला डोळ्यांनी महाराजांचे पाय दाखवले. शिफा पायांकडे गेली नाही. ती लॅपटॉपकडे गेली आणि तिने त्याला लावलेली केबल उपटून टाकली, वायफाय बंद केलं, आणि पुन्हा तोच पत्ता टाकला. चार उत्तरं.

"हे यंत्र स्वतःशीच बोलतंय," ती म्हणाली. "एकशे सत्तावीसचा पत्ता म्हणजे 'मी'. तुम्ही काहीही तारीख द्या, ते विचारतं, मी आहे का, आणि सांगतं, मी आहे. तुमच्या घरच्या संगणकावर करून बघा. केबल लागत नाही, महाराज लागत नाहीत."

महाराज उभे राहिले. "तोंडाने सांगणं सोपं असतं! एवढं कळतं ना? मग ह्या यंत्रावरून त्या यंत्राला हाक मार. आण उत्तर! सगळ्यांच्या देखत!"

शिफाने महाराजांनी कापायला ठेवलेलं केबलचं रीळ उचललं, हवा तेवढा तुकडा कापला, साल काढली. आठ वायरी पिळून वेगळ्या केल्या आणि पुटपुटत लावल्या, "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी." पिशवीतल्या पिना काढून पकडीने दोन्ही टोकांना दाबल्या. दोन्ही लॅपटॉप जोडले, दोघांना एकाच घरात शोभतील असे दोन पत्ते दिले आणि हाक मारली.

पडद्यावर ओळ आली. उत्तर नाही. पुन्हा. उत्तर नाही. चारही वेळा नाही.

"शंभर टक्के लॉस!" महाराज आनंदाने ओरडले. "बघा! देव सोडून गेला!"

लोक हसले. नजमाने डोळे झाकून घेतले. ज्योतीराम उभा राहिला आणि काय करावं न कळून पुन्हा बसला. इंद्रायणी मॅडम मात्र खुर्चीत पुढे सरकल्या.

शिफाने खाली वाकून केबलच्या तोंडाजवळचे दिवे बघितले. दोन्हीकडे चालू. म्हणजे वायर ठीक. दिलेले पत्ते पुन्हा वाचले. बरोबर. मग ती स्टेजच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिकडून इकडे हाक मारली. चार उत्तरं आली.

"वायर चांगली आहे," ती स्वतःशीच पण माइकला ऐकू जाईल इतक्याने बोलली. "हे यंत्र बोलतंय, पण परक्याला उत्तर देत नाहीये. त्याचा फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारा, चालू आहे." तिने त्या लॅपटॉपवर परवानगीची एक खूण बदलली, परत पहिल्या लॅपटॉपपाशी आली आणि बटण दाबलं.

चार ओळी. चार उत्तरं.

कुणी टाळ्या वाजवायच्या आत तिने केबल उपटली. उत्तर बंद. लावली. उत्तर चालू. परत उपटली. बंद.

"बघा," शिफा म्हणाली, "खरं उत्तर असं असतं. ते बंद पडू शकतं. मघाशी बंद पडलं म्हणून तर चूक सापडली. महाराजांचा देव कधीच बंद पडत नाही. मग बिघाड कुठे आहे हे तो सांगणार तरी कसं?"

भीमराज सर यादी घेऊन घाईघाईने मॅडमकडे गेले. "मॅडम, ही आमची निवडक मुलं..."

"यादी राहू द्या तुमच्याकडे," इंद्रायणी मॅडम म्हणाल्या. "गुरुवारी सकाळी नऊ वाजता गेटवर जो येईल त्याची परीक्षा घेईन. कुणाच्या नावाची चिठ्ठी नको." मग स्टेजकडे बघून विचारलं, "उत्तर आलं नाही तेव्हा आधी दिवे का बघितलेस?"

"खालून वर जायचं असतं, मॅडम. आधी वायर, मग पत्ता, मग बाकीचं."

मॅडमनी मान हलवली, एवढंच. महाराजांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं तेव्हा तिथे नुसतं त्यांच्या बैठकीचं व्याघ्राजिन होतं, आणि ते नायलॉनचं होतं.

आता कोण कुठे आहे, ते सांगते. गुरुवारी गेटवर तेवीस जण गेले. त्यातल्या अकरा जणांनी केबल न जोडताच, सवयीने इष्टदेवतेला पिंग करून 'नेटवर्क चालू' असं लिहून दिलं. शिफाची निवड झाली. ती सहा महिन्यांत कायम झाली आणि आता तिच्या हाताखाली दोन नवीन मुलं आहेत. दुसरी जागा राजगुरुनगरच्या एका मुलाला मिळाली. तो अकॅडमीत कधी आलाच नव्हता. ज्योतीराम नापास झाला, त्या अकरांतला एक. मग वर्षभर दर रविवारी अकबरच्या गॅरेजमध्ये शिफाकडून धडे घेत राहिला. गेल्या मार्चपासून तो भोसरीच्या एका गोदामात नेटवर्क सांभाळतो. भीमराज सरांनी पाटी उतरवली आणि चिखलीत ड्रोन चालवायचे वर्ग काढले. त्यांना ड्रोन चढवता येतो, उतरवता येत नाही असं ऐकलं. निरंजन तळेगावकडे गेला. तिथे तो मोबाईलच्या टॉवरची शांत करून देतो. काळेवाडीतलं मोडलेलं लग्न पुन्हा जमलं, त्यांना जुळे झाले. नजमाच्या पर्समध्ये पत्त्याचा कागद अजून आहे. विचारलं तर म्हणते, राहू दे, जागा किती खातो! बबनरावांनी आधार कार्डावर जन्मतारीख बदलायला अर्ज केला आहे. अजून उत्तर आलेलं नाही. सुमनताई त्र्याहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे बोलतात, पण कान शाबूत आहेत.

आणि एक सांगायचं राहतं, तेही साध्या शब्दांत. टीटीएल कळत नाही म्हणून कुणी मूर्ख ठरत नाही. त्या सभागृहात गाड्यांचे भाग केसाच्या जाडीएवढ्या मापात बनवणारी माणसं बसली होती. कंपनीत ती प्रत्येक नग तपासायची आणि खराब निघाला तर बाजूला टाकायची. तपासणीत कधीच काही बाजूला पडत नसेल तर तपासणारं यंत्रच बिघडलेलं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कार्यालयाच्या दारात चपला काढताना ते ज्ञानही त्यांनी तिथेच काढून ठेवलं. तेवढं करू नका. जो तुम्हाला चमत्कार दाखवील त्याला नम्रपणे एकच विचारा, की बुवा, तुमचं म्हणणं कधी खोटं ठरेल? तो म्हणाला 'कधीच नाही', तर उठा आणि घरी या.